युद्धाने अथेन्सच्या लोकशाहीचे काय केले?

इतिहासाच्या शालेय पुस्तकांत ग्रीक लोकशाहीच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. लोकशाहीचा जन्म अथेन्समध्ये झाला, तेथे नागरिक एकत्र जमून निर्णय घेत, स्त्रियांना, गुलामांना आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांना मात्र मत नव्हते, एवढे सांगून झाले की आपण अलेक्झांडरकडे वळतो. मधल्या काळात त्या लोकशाहीचे काय झाले, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेच, तर ‘स्पार्टाने अथेन्सचा पराभव केला’ हे उत्तर तयार असते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अथेन्सची लोकशाही पहिल्यांदा मोडली ती इ.स.पू. ४११ मध्ये, म्हणजे पराभवाच्या ७ वर्षे आधी. त्या वेळी शत्रू तटाच्या आत आलेलाही नव्हता. नागरिकांच्या सभेनेच ठराव करून आपला अधिकार सोडून दिला.

हे कसे घडले ते समजून घ्यायचे, तर आधी एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. या सभेला प्रत्यक्ष जात कोण असे?

टेकडीवरची सभा

इ.स.पू. ५०८-५०७ च्या सुमारास क्लाइस्थेनीजने अथेन्सच्या राज्यव्यवस्थेची नवी घडी बसवली. नागरिकांचे १० गट पाडले, प्रत्येक गटातून ५० असे ५०० जणांचे मंडळ नेमले आणि अंतिम निर्णयाचा अधिकार सर्व नागरिकांच्या सभेकडे राहिला. ही सभा निक्स नावाच्या टेकडीवर उघड्यावर भरे. तेथे सुमारे ६००० माणसे मावत; काही महत्त्वाच्या ठरावांना तर किमान ६००० मते लागत. बहुतेक पदांसाठी निवडणूक नसे, चिठ्ठ्या टाकून माणसे नेमली जात. सेनापती मात्र हात वर करून निवडत, कारण तेथे अनुभव हवा असे.

आपल्याकडे मतदार आपला प्रतिनिधी पाठवतो आणि स्वतः घरी किंवा शेतावर राहतो. अथेन्समध्ये प्रतिनिधी नव्हता. जो त्या सकाळी टेकडीवर हजर, त्याचे मत. जो शेतावर अडकला, आजारी पडला किंवा जहाजावर गेला, त्याचे मत त्या दिवसापुरते नाहीच. व्यवस्थेची सगळी ताकद यात होती आणि सगळा कच्चेपणाही यातच होता.

वल्ह्यांनी मिळवलेला हक्क

युद्धाने लोकशाही खिळखिळी केली, हे सांगण्यापूर्वी उलट बाजूही सांगणे भाग आहे. याच लोकशाहीला बळ दिले तेही युद्धानेच. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणींत चांदीचा मोठा साठा लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार चालू असताना थेमिस्टोक्लीजने तिच्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. त्रायरीम नावाच्या या नौकेत वल्ह्यांच्या तीन रांगा असत आणि ती चालवायला १७० वल्हेकरी लागत. खलाशी आणि सैनिक धरून एका नौकेवर २०० माणसे. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत या नौकांनी इराणी आरमाराचा पराभव केला.

जमिनीवर लढायला ढाल, भाला, शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे. ते सधन शेतकऱ्यालाच परवडे. वल्हे मारायला फक्त दोन हात पुरत. शहराचे रक्षण जर मोलमजुरी करणारा, जमीन नसलेला माणूस करत असेल, तर राज्यकारभारात त्याला नाही कसे म्हणणार? पुढच्या ३० वर्षांत सरदार घराण्यांच्या जुन्या मंडळाचे अधिकार कमी झाले आणि न्यायसभेत पंच म्हणून बसणाऱ्यांना पेरिक्लीजच्या पुढाकाराने दैनिक भत्ता सुरू झाला. भत्ता नसता, तर रोजंदारीवर जगणारा माणूस दिवस बुडवून न्यायनिवाडा करायला आलाच नसता.

म्हणजे एकच माणूस दोन ठिकाणी हवा होता, टेकडीवर आणि जहाजावर. युद्ध लहान असेल तेव्हा हे जमे. पण इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी सुरू झालेले युद्ध, मधला काही वर्षांचा कच्चा तह धरून, २७ वर्षे चालले.

एका जहाजाचा महिना

येथे थोडे गणित करू या. वर्गात फळ्यावरही ते करता येईल. १ टॅलंट म्हणजे ६००० द्राख्मा आणि १ द्राख्मा म्हणजे ६ ओबोल. वल्हेकऱ्याला रोज १ द्राख्मा दिला, तर २०० माणसांच्या नौकेचा ३० दिवसांचा पगार होतो ६००० द्राख्मा, म्हणजे बरोबर १ टॅलंट. हा हिशेब आपण बसल्या बसल्या केलेला नाही. सिसिलीतील सेगेस्टा नगराने ६० नौकांची मदत मागितली, तेव्हा एका महिन्याच्या पगारापोटी ६० टॅलंट चांदी आणल्याची नोंद थ्युसिडिडीजने केलेली आहे.

आता १०० नौका ६ महिने समुद्रावर ठेवायच्या, तर ६०० टॅलंट लागतील. युद्धाच्या सुरुवातीला अथेन्सला अंकित नगरांकडून वर्षाला मिळणारी खंडणी साधारण तेवढीच, ६०० टॅलंट होती. शिवाय अॅक्रॉपोलिसवर ६००० टॅलंटची नाणी शिलकीत होती खरी. पण पोटिडिया या एकाच बंडखोर नगराच्या वेढ्याने त्यातले २००० टॅलंट खाल्ले.

याच्या तुलनेत लोकशाहीचा खर्च किती? ६००० पंचांना रोज ३ ओबोल, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १५० टॅलंट. इ.स.पू. ४२२ मध्ये सादर झालेल्या ‘गांधीलमाशा’ या नाटकात अॅरिस्टोफेनीजने हाच हिशेब मांडला आहे. प्रत्यक्षात सगळे पंच रोज बसत नसत, त्यामुळे खर्च याहून कमीच असणार. तरीही शिल्लक आटत गेली तसा ‘पंचांना पैसे द्यायचे की वल्हेकऱ्यांना?’ हा प्रश्न उभा राहिला, आणि सधन लोकांना तो सोयीचाही वाटला. युद्धाचा खास कर त्यांच्यावरच बसत होता.

न बोलावलेली सभा

पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट घडली, ती सहसा सांगितली जात नाही. स्पार्टाचे सैन्य अथेन्सच्या आसपासची शेते जाळत होते. खेड्यांतले लोक पेरिक्लीजच्या सल्ल्यानुसार तटाच्या आत आले होते आणि आपल्या वाड्यांचा धूर बघत संतापले होते. या मनःस्थितीत सभा भरली तर लोक बाहेर पडून लढायचा ठराव करतील, या भीतीने पेरिक्लीजने सभाच भरू दिली नाही. त्याचा लष्करी हिशेब कदाचित बरोबरही होता. पण संकटाच्या वेळी लोकांना न विचारणे शहाणपणाचे असते, हा पायंडा लोकशाहीच्या सर्वांत लोकप्रिय पुढाऱ्याने पाडला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४३० मध्ये, दाटीवाटीने भरलेल्या शहरात साथ आली. थ्युसिडिडीजला स्वतःला ती झाली होती आणि तिची लक्षणे त्याने एखाद्या वैद्याच्या काटेकोरपणे लिहून ठेवली आहेत. रोग नेमका कोणता, यावर अजून वाद आहे. अथेन्सच्या केरामेइकोस भागात सापडलेल्या सामूहिक कबरीतील दातांवरून २००६ मध्ये काही ग्रीक शास्त्रज्ञांनी विषमज्वराकडे बोट दाखवले. इतरांना ते पटलेले नाही. लोकसंख्येच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढी माणसे गेली असावीत. सैन्यातील ४४०० पायदळ आणि ३०० घोडेस्वार साथीत मेले हा थ्युसिडिडीजचा आकडा आहे. गोरगरिबांची गणती कोणी केलीच नाही. इ.स.पू. ४२९ मध्ये पेरिक्लीजही गेला.

तरी लोकशाही अजून स्वतःला सावरू शकत होती. इ.स.पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी नगराचे बंड मोडले, तेव्हा सभेने रागाच्या भरात तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव केला आणि नौका रवानाही केली. रात्री लोकांना पश्चात्ताप झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लेऑनने जुन्या ठरावाची बाजू मांडली, डायोडोटसने विरुद्ध. थोड्याशा मतांनी ठराव फिरला आणि दुसरी नौका निघाली. वल्हेकऱ्यांनी वल्हे न थांबवता दारू आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ खाल्ले, झोप पाळीपाळीने घेतली आणि ते वेळेवर पोचले. बंडाचे पुढारी ठरवून हजाराच्या वर माणसे मारली गेलीच. पण नगर वाचले. ११ वर्षांनंतर मेलॉस बेटाच्या वेळी अशी दुसरी सभा भरली नाही, दुसरी नौका निघाली नाही.

गप्प बसलेले लोक

इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर मोहीम काढायचे ठरले. ज्या निकियासला ती नको होती, त्याने लोकांना घाबरवण्यासाठी प्रचंड सैन्य लागेल असे सांगितले. लोकांनी आनंदाने तेवढे सैन्य मंजूर केले! या सभेचे वर्णन करताना थ्युसिडिडीज नोंदवतो, की ज्यांना मोहीम पटत नव्हती तेही, आपण देशाचे वाईट चिंतणारे ठरू या भीतीने गप्प बसले. सभा भरली, मते घेतली, नियम पाळले, पण चर्चा झालीच नाही.

मोहीम निघण्याच्या तोंडावर कोणीतरी एका रात्रीत शहरातल्या हर्मीज देवाच्या मूर्ती फोडल्या. लगेच लोकशाही उलथण्याचा कट असल्याची हाकाटी झाली. चुगलखोरांना बक्षिसे, संशयितांना तुरुंग, काहींना मृत्युदंड असे सत्र चालू झाले. मोहिमेचा सर्वांत हुशार सेनापती अल्किबायडीज याला परत बोलावले, तर तो थेट स्पार्टाला जाऊन मिळाला. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीतले सैन्य आणि आरमार दोन्ही नष्ट झाले. त्याच वर्षी स्पार्टाने अथेन्सजवळच डेसेलीया येथे कायमचे ठाणे दिले. २०,००० हून अधिक गुलाम पळाले आणि चांदीच्या खाणी ओस पडल्या.

या धक्क्यानंतर अथेन्सने १० वयस्क माणसांचे एक मंडळ नेमले. कामकाज आधी त्यांनी पाहायचे. दिसायला ही साधी दक्षता होती. इ.स.पू. ४११ च्या सुरुवातीला सादर झालेल्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकात बायका अॅक्रॉपोलिसचा खजिना ताब्यात घेतात, म्हणजे युद्धाला पैसाच मिळू नये. आणि त्यांच्याशी हुज्जत घालायला जो अधिकारी येतो तो याच मंडळातला आहे. विनोदी नाटककाराला युद्धाची नाडी बरोबर सापडली होती.

गावाबाहेरची सभा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इ.स.पू. ४११ मध्ये अथेन्सचे उरलेसुरले आरमार समुद्रापलीकडे सॅमॉस बेटावर होते. थ्युसिडिडीजने त्या वर्षी तेथील नौकांची संख्या ८२ दिली आहे. ८२ ला १७० ने गुणले तर सुमारे १४,००० वल्हेकरी होतात. त्यात परदेशी आणि गुलामही होते, पण निम्मे जरी नागरिक धरले, तरी सभेची अख्खी टेकडी भरेल एवढे मतदार शहराबाहेर होते, आणि तेही नेमके गरीब वर्गातले.

अल्किबायडीज आता इराणी सुभेदाराच्या आश्रयाला होता. लोकशाही बाजूला केली तर इराणचा पैसा मिळवून देतो, असा निरोप त्याने पाठवला. पिसँडर तो घेऊन अथेन्सला आला. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला त्याने एकच प्रश्न विचारला, की शत्रूकडे इराणचा पैसा आणि आपल्याएवढीच जहाजे असताना शहर वाचवायचा दुसरा मार्ग तुमच्याकडे आहे का? कोणाकडेच नव्हता. दरम्यान लोकपक्षाच्या पुढाऱ्यांचे खून पडू लागले. चौकशी झाली नाही. कटात कोण आहे आणि कोण नाही हे कळेना, म्हणून शेजारी शेजाऱ्याशी बोलेना.

मग सभा बोलावली ती नेहमीच्या टेकडीवर न भरवता तटाबाहेर पावणेदोन-दोन किलोमीटरवर, कोलोनस येथे. शत्रूच्या टोळ्या फिरत असताना निःशस्त्र माणूस तेथे जाण्याचे धाडस कसे करणार? सधन, शस्त्रधारी नागरिकच तेथे जास्त असावेत, असा तर्क बरेच अभ्यासक करतात. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरण्याची जी तरतूद होती, ती या सभेने प्रथम स्थगित केली. नंतर युद्धात असलेल्यांखेरीज कोणालाही भत्ता नाही, अधिकार फक्त ५००० नागरिकांना आणि कारभार ४०० जणांकडे, असे ठरले. पाचशेंच्या जुन्या मंडळाला उरलेल्या मुदतीचा भत्ता हातावर ठेवून घरी पाठवले. ५००० ची यादी काही प्रसिद्ध झाली नाही. आपण यादीत आहोत की नाही हे न कळणे कारभाऱ्यांच्या फायद्याचे होते.

सॅमॉसवरच्या लोकांची समजूत काढताना या चारशेंच्या दूतांनी एक मासलेवाईक युक्तिवाद केला. स्वाऱ्यांमुळे आणि परदेशातल्या कामांमुळे सभेला ५००० माणसे कधी जमतच नव्हती, मग बिघडले काय? युक्तिवाद सोयीचा आहे, पण त्यात तथ्य नसते तर तो सुचलाच नसता.

वल्हेकऱ्यांनी मात्र तो मानला नाही. त्यांनी सॅमॉसवरच सभा भरवली, संशयित सेनापती काढले, थ्रॅसिब्युलस आणि थ्रॅसिलस यांना निवडले. जणू शहर एकीकडे आणि लोकशाही दुसरीकडे, असा तो उन्हाळा गेला. चारशेंची सत्ता ४ महिन्यांत कोसळली आणि पुढच्या वर्षी लोकशाही परत आली.

पण घडी पहिल्यासारखी बसली नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिन्युसीची लढाई अथेन्सने जिंकली, तरी वादळामुळे बुडत्या नौकांवरच्या माणसांना वाचवता आले नाही, म्हणून ८ सेनापतींवर एकत्रच मत घेऊन मृत्युदंड ठोठावला गेला. परत आलेल्या ६ जणांना ठार मारले. एकेकाचा वेगळा खटला चालवा, असे म्हणणाऱ्यांना आरडाओरडा करून गप्प केले. त्या दिवशी सभेचे काम पाहणाऱ्यांत सॉक्रेटिस होता. त्याने ठराव मताला टाकण्यास विरोध केला, व्यर्थ. लोकांना पश्चात्ताप झाला तो नंतर, आणि तेव्हा दुसरी नौका पाठवण्यात अर्थ नव्हता.

इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण गेले. स्पार्टाच्या पाठिंब्याने आलेल्या ‘तीस’ जणांनी सुमारे १५०० माणसे मारली. निक्स टेकडीवरचे भाषणाचे व्यासपीठ पूर्वी समुद्राकडे तोंड करून होते, ते या तिसांनी जमिनीकडे फिरवले, अशी हकीकत प्लूटार्कने दिली आहे. समुद्र दिसला की लोकांना लोकशाही आठवते म्हणून! सभेची बैठक साधारण त्या काळात खरोखरच उलटी फिरवली गेली, असे उत्खननात दिसले आहे. ती कोणी फिरवली यावर मात्र एकमत नाही. इ.स.पू. ४०३ मध्ये थ्रॅसिब्युलसच्या लोकांनी तिसांना घालवले. त्यानंतर कायदा आणि सभेचा ठराव यांत फरक करण्यात आला. ठराव कायद्याच्या वर जाणार नाही, असे ठरले. सभेला येणाऱ्यालाही भत्ता सुरू झाला: आधी १ ओबोल, मग २, मग ३. एरवी माणसेच जमेनात.

जिंकलेल्या नगराचे काय?

अथेन्स हरले म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. तर सिसिलीत अथेन्सला हरवणाऱ्या सिरॅक्यूजकडे पाहा. तेथेही लोकशाहीच होती आणि विजयानंतर ती अधिक व्यापक झाली. पण लवकरच कार्थेजने सिसिलीवर स्वारी केली. इ.स.पू. ४०६ मध्ये अॅक्रागास हे श्रीमंत नगर पडले. जुने सेनापती फितूर आहेत, असे डायोनिसियस नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने सभेत सांगितले. लोकांनी त्याला सेनापती केले, मग एकमेव सेनापती केले. आपल्यावर हल्ला झाल्याचे सोंग करून त्याने ६०० अंगरक्षक मागून घेतले. पुढे ३८ वर्षे, मरेपर्यंत, सत्ता त्याच्याकडेच राहिली. सैनिक अगदी जवळ होते, पण ते आता लोकांचे नव्हते, त्याचे होते.

अथेन्सची सावरलेली लोकशाही त्यानंतर सुमारे ८० वर्षे टिकली, हे तिच्या दुरुस्तीचे यशच म्हणायला हवे. तिचा शेवटही युद्धातच झाला. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ३२२ मध्ये, मॅसिडोनियाविरुद्धच्या युद्धात अथेन्सचे आरमार अमॉर्गॉस बेटाजवळ हरले. अँटिपेटरने बंदरावरच्या टेकडीवर आपली शिबंदी बसवली आणि नागरिकत्वासाठी अट घातली, की २००० द्राख्मांची मालमत्ता हवी. रोज १ द्राख्मा मिळवणाऱ्या वल्हेकऱ्याने एक ओबोलही खर्च न करता साठवले, तर एवढी रक्कम जमायला साडेपाच वर्षे लागली असती. किती जणांचे मत गेले याचे प्राचीन आकडे जुळत नाहीत: एक म्हणतो १२,०००, दुसरा २२,०००. उरले ९०००. ज्यांचे गेले त्यांच्यापैकी इच्छुकांना दूर थ्रेसमध्ये जमीन देण्याची तयारी अँटिपेटरने दाखवली.